सोमवारी कोण बोलणार

विश्रांतवाडी, पुणे
१३ जानेवारी १९९८

मैत्रीताई, जयभीम.

तू पाठवलेलं कार्ड आईने कपाटाच्या काचेत लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, माझ्या बहिणीची मुलगी नागपूरला सिस्टर इन्चार्ज आहे, नवजात बाळांच्या वॉर्डची. हे पत्र मात्र मी घरच्यांना न सांगता लिहिते आहे. मला भीती वाटते, आणि ती इथे कुणाजवळ बोलता येत नाही. आई म्हणेल नोकरी सोड, बाबा म्हणतील सोडू नकोस, आणि दोघांचं वाजेल.

आमच्या डिझाइन विभागाचा प्रमुख अभय अमेरिकेला गेला. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे, म्हणून तिकडे माणसं हवी आहेत, आणि क्लास करून जो तो निघालाय. तो गेल्यावर आमच्या मालकांनी, दीनानाथ सरांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सोमवारची डिझाइनची मीटिंग आता तुम्ही घ्यायची. मी म्हटलं, सोनाली माझ्याहून जुनी आहे. सर म्हणाले, "सोनालीबाईंना मतं आहेत. मला मीटिंग घेणारं माणूस हवंय."

काल पहिली झाली. आम्ही चौघं: सोनाली यंत्राचा आकार काढते, उत्तरेश्वर पत्रा आणि सांगाडा बघतो, चेतन इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि मी. टेबलाच्या टोकाला सर. मी विचारलं, कुणाला काही सुचतंय का? सगळे चहाच्या कपात बघायला लागले. शेवटी सोनाली म्हणाली, बाळाच्या गादीभोवतीच्या कठड्याची एक बाजू खाली पडणारी करू या, म्हणजे आईला बसल्या जागेवरून हात घालता येईल. सर म्हणाले, "उत्तम. खाली चाकं लावा आणि मुलांना सारसबागेत फिरवून आणा." उत्तरेश्वर हसला. त्यानंतर कुणीही तोंड उघडलं नाही. सर बोलत राहिले, मी लिहून घेत राहिले. मनपाच्या स्टॉपवर बस बदलताना माझ्या लक्षात आलं, दिवसभर मी दात आवळून बसले होते.

तुला माहीतच आहे, यंत्र तेच आहे, कमी वजनाच्या बाळांना वरून ऊब देणारा वॉर्मर. परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर उतरल्यापासून परदेशी वॉर्मर थेट दवाखान्यांच्या दारात यायला लागलेत. एप्रिलच्या मुंबईच्या प्रदर्शनात आपला दाखवला नाही तर पुढे कुणी विचारणार नाही, असं सर रोज सांगतात. चाचणीसाठी दोन यंत्रं बाहेर दिली आहेत. एक सोलापूरला, आणि एक तुझ्या शब्दावर तुझ्या सुपरिंटेंडेंटांनी ठेवून घेतलं ते. मिळालं का? कसं वाटतं?

आणि एक सांग. ड्यूटी बदलताना तुम्ही सगळ्याजणी पाळण्यांपाशी उभ्या राहून बोलता ना? तिथे त्या बोलत्या कशा होतात?

तुझी
अपेक्षा

*

नागपूर
२४ जानेवारी १९९८

प्रिय अपू,

मावशीला सांग, कार्ड काचेत लावण्याइतकं भारी नव्हतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मीटिंग वगैरे मला काही माहीत नाही, पण ड्यूटी बदलतानाचं सांगते. मी इन्चार्ज झाले तेव्हा आधी मीच बोलायची. मग बाकीच्या माझ्याच सुरात बोलायच्या. मी म्हटलं, बाळ बरं आहे, की सगळ्या म्हणणार बरं आहे. एका सकाळी मला घशाचा त्रास होता, आवाज निघेना, म्हणून सगळ्यात नवीन पोरीला म्हटलं, तू सुरू कर. ती म्हणाली, सिस्टर, चौथ्या पाळण्यातलं बाळ दूध ओढत नाहीये. ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. तेव्हापासून नवीन पोरगी आधी आणि मी शेवटी. दुसरं असं की आम्ही टेबलाशी बसत नाही, बाळाजवळ उभ्या राहतो. बाळ समोर असलं की माणूस बाळाकडे बघून बोलतो, साहेबाकडे बघून बोलत नाही. आणि तिथे रागवायचं नाही. रागवायचंच तर नंतर, बाजूला नेऊन.

तुमचं यंत्र आलं. फार देखणं आहे. आमच्याकडे जुने दोन वॉर्मर, त्यातला एक कायम रुसलेला, आणि यंदा इकडे थंडी अशी पडली आहे की पहाटे नळाला हात लागत नाही. त्यामुळे आल्या दिवसापासून ते वापरात आहे. आमच्या डॉक्टरांनी तर हात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, पुण्याचं आहे म्हणता, विश्वास बसत नाही.

मागच्या आठवड्यात एक बाळ जरा लालसर झालं होतं. अंगाचं तापमान वाढलेलं. राधा नावाची नवीन नर्स ड्यूटीवर होती. पोटावर चिकटवायची ती सेन्सरची पट्टी तिने नीट लावली नसणार, सुटली की यंत्राला वाटतं बाळ गार आहे. मी तिला चांगलीच दटावली. बाजूला नेऊन, काळजी करू नकोस. बाळ तासाभरात ठीक झालं.

तू दात आवळत जाऊ नकोस. डोकं दुखतं त्याने.

तुझी
ताई

*

विश्रांतवाडी
३ फेब्रुवारी १९९८

प्रिय ताई,

कालचा सोमवार तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, एक विनंती आहे, सोमवारी आपण शेवटी बोलाल का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे माझ्याच ऑफिसात मी रांगेत उभं राहायचं." मी हो म्हटलं. मलाच माझा हो ऐकू आला. ते म्हणाले, "एक सोमवार. पुढचं पुढे."

मग मी मीटिंग टेबलावरून उचलून खाली वर्कशॉपमध्ये नेली, यंत्रापाशी. तुळशीबागेतून एक बाहुली आणली होती, तिच्या पोटात तांदूळ भरून ती बाळाएवढी जड केली. प्रत्येकाला कागद आणि पेन्सिल दिली. सांगितलं, चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकेकाने स्टुलावर बसून, आपण बाळंतीण आहोत असं समजून, बाहुलीपर्यंत हात न्यायचा. जे अडतं ते काढायचं. कागद भिंतीवर लावायचे आणि ते सगळे लागेपर्यंत एकालाही वाईट म्हणायचं नाही.

उत्तरेश्वर आडदांड माणूस आहे, त्याला त्या स्टुलावर अंग चोरून बसलेलं बघून सरसुद्धा हसू लपवायला दुसरीकडे वळले. पण त्याचाच हात कडेला अडकला. भिंतीवर कागद लागले तेव्हा पडणारी बाजू सोनालीच्या कागदावर होती, माझ्या होती आणि उत्तरेश्वरच्याही होती. मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. बिजागरी कुठे, खटका कुठे, एका हाताने उघडेल का. सोनाली इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिली. सर शेवटी बोलले. "बाजू पडताना बोट अडकेल का ते बघा." एवढंच. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

चेतनचा कागद तेवढा कोरा होता. तो मुळातच कमी बोलतो. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, ठीक आहे मॅडम, माझ्या भागात नवीन काही नाही.

राधाला फार बोलू नकोस. पट्टी लावण्यात हात बसायला वेळ लागतो. यंत्राचं म्हणशील तर मी इथे सगळं पाहिलं आहे, ते व्यवस्थित आहे.

आईने तिळाची चटणी करून ठेवलीय, कुणी नागपूरला येणारं भेटलं की पाठवते.

तुझी
अपेक्षा

*

नागपूर
१६ फेब्रुवारी १९९८

प्रिय अपू,

तुझं बाहुलीचं वाचून वॉर्डात सगळ्यांना सांगितलं. फार हसलो.

आता जे लिहिते ते नीट वाच.

शुक्रवारी दुपारी परत झालं. या वेळी राधा सुट्टीवर होती. पट्टी मी स्वतः लावली होती, माझ्या हाताने, वरून चिकटपट्टी मारून. गडचिरोलीकडचं बाळ आहे, मुलगा, सातव्या महिन्यातला. आई अजून वरच्या मजल्यावर उठूही शकत नाही, म्हणून आजी बसलेली असते, यमुनाबाई. मी औषधं काढायला आत गेले होते. त्या दुपारी लाइन दोनदा जाऊन आली. लाइन म्हणजे तुमच्याकडे लाइट म्हणतात ती. आजी मला बोलवायला आली. म्हणाली, "बाई, पोराची पाठ तव्यावानी लागून राहिली."

मी धावले. पट्टी जागेवर होती. पाठ लाल, आणि खांद्यावर एक फोड आलेला. एवढ्याशा खांद्यावर, अपू. मी बाळ उचललं तेव्हा ते रडलं नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. नंतर रडलं.

डॉक्टर म्हणतात फोड वरवरचा आहे. सुपरिंटेंडेंट म्हणतात पट्टीत काहीतरी गडबड झाली असेल, यंत्र फुकट मिळालंय, थंडी जाईपर्यंत चालू द्या. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. दोन पाळण्यांना एक जुना वॉर्मर अशी आमची गत आहे. मी ते दिवसा वापरते आहे, आणि स्वतः जवळ उभी राहते. जेवायला गेले तरी जीव तिथेच असतो.

मला खरं सांग. तू लिहिलंस की तू सगळं पाहिलं आहेस. तुमच्या मीटिंगमध्ये कुणी कधी याबद्दल काही बोललं होतं का?

ताई

*

विश्रांतवाडी
२३ फेब्रुवारी १९९८

ताई,

शनिवारी तुझं पत्र आलं आणि मी तशीच चपला घालून बूथवर धावले. फोनवर तुला एवढंच म्हणता आलं की ते यंत्र बंद कर, भिंतीतला प्लग काढ, कारण सोमवारी सांगते. तुझ्या सुपरिंटेंडेंटांच्या खोलीत कुणीतरी खुर्च्या ओढत होतं आणि तू काही न विचारता हो म्हणालीस. मला कारण माहीत नव्हतं. नुसती भीती होती.

मी पाहिलं आहे असं मी तुला लिहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. अभयने पाहिलं असेल असं मी धरून चालले होते.

कारण आज कळलं.

आज मीटिंग पुन्हा यंत्रापाशी घेतली. बाहुली गादीवर ठेवली होती. सर आले, कोपऱ्यात उभे राहिले. मी तुझं नाव घेतलं नाही, पत्राचंही काही बोलले नाही. मी म्हटलं, आज नवीन काही सुचवायचं नाही. आज असं समजायचं की या यंत्रामुळे एक बाळ भाजलं. ते घडून गेलंय. आता प्रत्येकाने सांगायचं, काय झालं असेल. सगळ्यात लहान आधी.

सगळ्यात लहान चेतन.

तो बाहुलीकडे बघत राहिला. मी पुढच्याकडे वळले नाही. सर हातावरचं घड्याळ बघत होते. शेवटी तो म्हणाला, "लाइट गेली असेल."

आणि मग थांबलाच नाही. लाइट जाऊन आली की आतल्या सर्किटच्या कार्डाला आधी ठरवून दिलेलं तापमान आठवत नाही. ते पट्टीकडे बघायचंच सोडून देतं आणि हीटर पूर्ण जोरात चालू करतं. कुणी येऊन बटण दाबेपर्यंत. आमच्या ऑफिसला जनरेटर आहे, ताई, इथे लाइट गेल्याचं यंत्राला कधी कळतच नाही. डिसेंबरमध्ये एकदा जनरेटर बंद पडला तेव्हा चेतनने ते पाहिलं. अभयला सांगितलं, तो म्हणाला बघतो, आणि त्याचा व्हिसा आला. मग चेतनने अभयच्या शेवटच्या मीटिंगमध्ये विषय काढला. तेव्हा सर म्हणाले होते, "चेतनराव, आपल्याला रिकाम्या खोलीतही काही दिसतं का?" सगळे हसले. मी त्या मीटिंगला होते. मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही. मी हसले का, तेही आठवत नाही.

मी म्हटलं, चेतन, हे खरंच झालंय. नागपूरला. मग सगळं सांगितलं.

सोनालीने बाहुली उचलून छातीशी धरली. सर म्हणाले, "यंत्रं परत आणली तर एप्रिल गेला. आणि मॅडम, नागपूरला आपली ताई आहे म्हणून आपल्याला इतका कळवळा."

मी म्हटलं, "सर, दुसरं यंत्र सोलापूरला आहे. तिथे माझं कुणी नाही. तिथे आत्ता फोन लावायला हवा."

ते वर निघून गेले. केबिनचं दार लागल्याचा आवाज आम्ही खाली ऐकला. मी वर्कशॉपच्या फोनवरून सोलापूर लावत बसले. लागेना. लागला तर कुणी उचलेना. एकदा उचललं, ते म्हणाले बाळांचा वॉर्ड मागच्या इमारतीत आहे, निरोप देतो, आणि ठेवून दिलं. निरोप दिला की नाही, देव जाणे असं म्हणायची माझी सवय नाही, पण आज तसंच वाटलं. तेव्हा चेतन उठला आणि बॅग न घेता निघाला. उत्तरेश्वर मूळचा तिकडचा, तो म्हणाला मी पण येतो. दोघं स्वारगेटला गेले. आता संध्याकाळ झालीय, ते एसटीत असतील. तिथे आज लाइट गेली का, हे मला कुणाला विचारता येत नाही.

तुझ्या सुपरिंटेंडेंटांना कंपनीच्या कागदावर वेगळं पत्र टाकलंय. दोष यंत्राचा आहे, नर्सचा नाही, असं लिहून खाली मी सही केली. सरांना विचारलं नाही. उद्या मला कामावर येऊ देतात का ते बघायचं.

बाळ कसं आहे?

अपेक्षा

*

नागपूर
४ मार्च १९९८

प्रिय अपू,

बाळ बरं आहे. हे आधी लिहिते, कारण तू तेच आधी शोधशील. फोड सुकला, वजन वाढायला लागलं. त्याची आई आता जिना उतरून येते आणि त्याला पोटाशी घेऊन बसते. डॉक्टर म्हणतात तेवढी ऊबही पुष्कळ होते. खांद्यावर डाग राहील का, असं आजीने विचारलं. मी म्हटलं जाईल. जाईल असं मला वाटतं.

तुझा फोन आला तेव्हा मी तुला काही विचारलं नाही, कारण मीही एक गोष्ट तुझ्यापासून ठेवली होती. त्याच सकाळी मला लेखी खुलासा मागितला होता. मान्यता नसलेलं यंत्र नातेवाइकाच्या सांगण्यावरून वॉर्डात आणलं, असा त्याचा मजकूर. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा कुणी लेखी काही विचारलं. तुला लिहिलं असतं तर तू माझ्या नोकरीसाठी घाबरली असतीस, आणि मला तू बाळासाठी घाबरायला हवी होतीस.

तुझं कंपनीच्या कागदावरचं पत्र आलं. सुपरिंटेंडेंटांनी मला बोलावून, समोर बसवून ते वाचलं. म्हणाले, असं पत्र कुठली कंपनी लिहीत नाही. मग म्हणाले, या मुलीला काढून टाकतील. प्रकरण अजून मिटलेलं नाही, पण बोलण्याची भाषा बदलली आहे.

आणि राधा. मी तिला बोलावून सगळं सांगितलं, चूक तुझी नव्हती म्हटलं. मग म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशी लाइन आल्यावर यंत्राची घरघर वाढलेली मी ऐकली होती." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही पट्टीचंच विचारत होता. अपू, तुझ्या सरांबद्दल वाचून मला राग आला होता. त्या वेळी तो राग गिळावा लागला.

आता ती बोलायला लागली आहे. तिचं म्हणणं तुमच्या लोकांना सांग. धोक्याची घंटा वॉर्डात उपयोगाची नाही, आठ बाळं रडत असली की कुठली घंटा कुणाची ते कळत नाही. वर दिवा हवा, दारातून दिसेल असा. आणि लाइन आल्यावर यंत्राने आपल्या मनाने सुरू होऊच नये. माणूस येऊन बटण दाबेल तेव्हाच सुरू व्हावं.

सोलापूरचं काय झालं? पेपरमध्ये रोज तिकडची पानं बघते. लवकर लिही.

तुझी
ताई

*

विश्रांतवाडी
२१ एप्रिल १९९८

प्रिय ताई,

फोनवर तुला सोलापूरचं बाळ सुखरूप आहे एवढं कळवलं होतं. बाकीचं लिहायला इतके दिवस लागले. मध्ये हात चालेना.

चेतन आणि उत्तरेश्वर पोचले तेव्हा यंत्र चालू होतं आणि खाली एक मुलगी होती, मुठीएवढी. निरोप कुणालाही मिळाला नव्हता. चेतनने डॉक्टरांना सांगितलं की यंत्र काढा. ते म्हणाले, दुसरं रिकामं नाही, काढलं तर ही गार पडेल, आणि गार पडली तर वाचणार नाही. चेतन म्हणतो, तेव्हा माझं डोकं बंद पडलं. मग त्याने स्टूल ओढलं आणि तो भिंतीतल्या बटणापाशी बसला. लाइट गेली की बटण बंद करायचा. आली की थांबून, हाताने कमीवर आणून, मगच सुरू करायचा. तोवर उत्तरेश्वर गावातून खोकी आणि बल्ब घेऊन आला. त्याने एक ऊबदार पेटी करून दिली, ती डॉक्टरांनी तपासून घेतली, पण तिची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी एक जुना वॉर्मर रिकामा झाला. तोवर चेतन जागचा उठला नव्हता.

तिथे त्याच आठवड्यात एक बाळ गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते आमच्या यंत्रावर नव्हतंच. चेतनने त्यांना पुन्हा विचारलं, मग नर्सला विचारलं, मग वॉर्डातल्या आयाबाईला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. परत आल्यावर त्याने मला विचारलं, मॅडम, ते खरं बोलत असतील ना? मी हो म्हटलं. अजूनही तो मधूनच विचारतो.

मला काढलं नाही. सर माझ्याशी बोलायचेच बंद झाले. सोमवारच्या मीटिंगला येईनात. केबिनमध्ये फोनवर बोलायचे, दार लोटून. आम्ही चौघं खाली यंत्रापाशी उभे राहायचो आणि वरून केबिनचा पंखा ऐकू यायचा. रोज वाटायचं, आज बोलावतील. तरी मीटिंग सोडली नाही. राधाचं म्हणणं मी जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि भिंतीवर लावलं. मग कामाला असं तोंड फुटलं की काय सांगू. चेतन म्हणत होता कार्ड सुधारू. सोनाली म्हणाली, कार्डाला पुन्हा भूल पडली तर? स्वयंपाकघरातल्या कुकरला बघ, शिट्टी अडकली तरी झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची गोळी आपोआप वितळते, तिला काही लक्षात ठेवावं लागत नाही. उत्तरेश्वर म्हणाला, मग आपणही गादीच्या वर तसलंच बसवू, ठरलेल्या उष्णतेला तार तुटेल आणि हीटर गप्प होईल. तिघं एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होते आणि मी फक्त चहा सांगत होते. मीटिंग घेणं म्हणतात ते हेच असेल तर मला आता ते थोडं येतं.

मुंबईचं प्रदर्शन होऊन गेलं. आम्ही गेलो नाही.

काल सर खाली आले. नवा भाग बसवून झाला होता. ते म्हणाले, "मी शेवटी बोलायचं ना?" मी हो म्हटलं. चेतन बोलला, उत्तरेश्वर बोलला, सोनाली, मग मी. सर ऐकत होते. हातातली किल्ली सारखी उलटीसुलटी करत होते. मग म्हणाले, "एप्रिल गेला. दिवाळीपर्यंत एकही दवाखाना मिळाला नाही तर मी हे बंद करणार. मला भीती वाटते. सकाळी इथे यायलासुद्धा भीती वाटते. तुम्ही काही बोललात की मला वाटायचं, आता आणखी एक खर्च, आणखी एक उशीर. म्हणून मी तुम्हाला बोलू देत नव्हतो." इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज अगदी साध्या माणसासारखा होता.

आम्ही कुणी धीर दिला नाही. काय देणार होतो.

मग चेतन म्हणाला, जनरेटर बंद करून बघू या. सरांनी स्वतः जाऊन तो बंद केला आणि मुख्य बटण खाली ओढलं. वर्कशॉपमध्ये अंधार नव्हता, दुपार होती, पण पंखे थांबले आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. सरांनी बाहुली उचलून सोनालीच्या हातात दिली आणि तिच्या जागी गादीवर आपला हात उताणा ठेवला. मी म्हटलं, सर, थर्मामीटर आहे. ते म्हणाले, "असू दे."

उत्तरेश्वरने बटण वर केलं. दिवा लाल झाला. हीटर काळाच राहिला. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. चेतनने मुद्दाम कार्ड बाजूला काढलं आणि हीटर थेट जोडला, म्हणजे जे व्हायला नको तेच. हीटरची नळी लाल व्हायला लागली. सरांच्या कपाळावर घाम आला. चेतनचा हात वायरवर होता. मी सरांच्या तळहाताकडे बघत होते, आणि मला तुमच्या वॉर्डातला तो खांदा दिसत होता, जो मी कधी पाहिलाच नाही. चेतन म्हणाला, "सर, आता काढा." सरांनी काढला नाही.

वर टक् असा आवाज झाला. नळीचा लाल रंग हळूहळू उतरला आणि ती काळी पडली.

सरांनी हात उचलला, आधी स्वतः पाहिला आणि मग एकेकाला दाखवला, चेतनला सगळ्यात आधी. तळहात गरम झाला होता, बाकी काही नव्हतं. आम्ही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोनाली बाहुलीला घट्ट धरून उभी होती.

सर म्हणाले, "पुन्हा करा."

उत्तरेश्वरने नवी तार बसवली. या वेळी गादीवर हात मी ठेवला.

तुझी
अपेक्षा